खालच्या सात गोळ्या

मोनालीची उद्या धुळ्याला फार्मसीची तोंडी परीक्षा होती. कुठली गोळी कशावर, हे पुटपुटत ती ओट्यावर येरझारा घालत होती, तेवढ्यात शेजारच्या प्रमिलाबाईंनी सुनेच्या उशाखाली सापडलेलं गोळ्यांचं पाकीट तिच्यापुढे धरलं.

"दिपमाला म्हने, रगतवाढनी गोळी शे. खरं शे का, पोरी? लगीनले तीन वरीस व्हयनात, नातूना पत्ता नही."

पलीकडच्या अंगणात दिपमाला पिळलेली साडी हातात धरून तशीच उभी राहिली.

मोनालीने खालच्या ओळीतल्या सात तपकिरी गोळ्यांवर बोट ठेवलं. "हो अक्का, ह्या रक्तवाढीच्याच."



वरच्या एकवीस पाळणा लांबवण्याच्या, हे उत्तर तिने उद्याच्या परीक्षेसाठी ठेवलं.