बोटीवरचं रेकॉर्डिंग

मासेमारी संस्थेची पर्यटकांची बोट बॅटरीवर चालायची. तिच्यावर कॅमेरा बसवायचं ठरलं, तेव्हा बोट चालवणारा इस्तारी बायकोवर रुसला. संस्थेची अध्यक्ष तीच होती.

"काऊन? मी चोर हाव का?"

"लोकं लाइफ जॅकेट काढून ठेवतेत. ते दिसाले पायजे," प्रेमिला म्हणाली.

कॅमेरे बसवणारा प्रफुल नागपूरहून रेकॉर्डिंगची दोन मशीनं घेऊन आला. पहिल्या दिवशी मोठ्या मशीननं दुपारपर्यंत बोटीचीच बॅटरी खाऊन टाकली. मोटर तलावाच्या मधोमध बंद पडली आणि इस्तारीनं सहा पर्यटकांना बांबूनं बोट रेटत काठावर आणलं. दुसऱ्या दिवशी लहान मशीन लावलं. ते संध्याकाळपर्यंत चाललं, तरी बॅटरी निम्मी शिल्लक होती. मग संस्थेच्या टीव्हीवर सगळे त्याचं रेकॉर्डिंग पाहायला बसले.

पडद्यावर इस्तारी पर्यटकांना सांगत होता, "इथीच माहा पाय जाळ्यात अटकला होता. बायकोनं उडी मारली अन् केसाले धरून वर काढलं. तिच्यामुळंच जित्ता हाव."

"हे तिला कधी सांगितलंत?" बोटीतल्या एका पाहुणीनं विचारलं.

"नाई जी. तिच्यासमोर तोंडच उघडत नाई माहं."

टीव्हीसमोरचे सगळे हसले. इस्तारी बिडीच्या निमित्तानं बाहेर सटकला.

"ताई, हे मशीन बॅटरी कमी खाते. हेच फायनल करू?" प्रफुलनं विचारलं.

प्रेमिलानं पदरानं डोळे टिपले.

"बॅटरीचं राहू द्या भाऊ. जरा मागं घ्या, अन् आवाज वाढवा."