रंगवलेला गंज

डाव्या हाताचं शेवटचं बोट खट्कन बसलं, तेव्हा खोलीत एकटी असूनही शुभांगी हसली. बोट कसलं, तांदळाची कणीच. चिमट्यातून निसटलं की फरशीवर रांगत शोधायचं. तिचा नवरा साईनाथ खेळण्यातल्या रोबोटचे असले तुकडे जोडत संध्याकाळच्या संध्याकाळ बसायचा, तेव्हा तिनं त्याला काय कमी बोल लावले होते? आता त्याच्याच टेबलाशी ती मान मोडून बसली होती.

"डावा हात तेवढा राहिलाय, आल्यावर बसवू," असं दवाखान्यात जाताना नवरा तिला सांगून गेला होता. श्रावणात गेला, तो गेलाच.

रोबोट वीतभर उंचीचा, पांढऱ्या प्लास्टिकचा. पण साईनाथनं तो पांढरा ठेवलाच नव्हता. खोक्यातून काढल्यासारखा कोरा रोबोट त्याला आवडायचा नाही. लढून आल्यासारखा दिसला पाहिजे, म्हणायचा. म्हणून स्पंजच्या तुकड्यानं त्यानं सांध्यासांध्यात गंज रंगवला होता, छातीवर काजळी धरवली होती आणि पावलांना मखमलाबादच्या आपल्या मळ्यातल्या मातीचा रंग दिला होता. गुडघ्यामागे ओल्या रंगावर त्याचा अंगठा टेकला, त्याचा अर्धामुर्धा ठसा तसाच वाळून राहिला. शुभांगी रोज त्या ठशावर स्वतःचा अंगठा हलकेच ठेवायची. माणूस गेला की त्याचे कपडे वाटून टाकतात, फोन बंद होतो. त्याच्या हातचं असं तिच्यापाशी एवढंच उरलं होतं.

जोडलेला हात ओंजळीत घेऊन ती उठली. फळीवर रोबोट नव्हता.

बाहेर ओट्यावर तिच्या सासूबाई, गोजराबाई, खंडेनवमीची पूजा मांडत होत्या. सासरे झेंडू घेऊन पहाटेच फुलबाजाराला गेले होते. यंदा घरात गोडधोड नाही, दाराला तोरण नाही. पण ज्या हत्यारांवर घर चालतं ती आजच्या दिवशी घासूनपुसून पुजायची, त्याला दुखवट्याची सवलत नव्हती. पाटावर विळे होते, खुरपी होती, कात्र्या होत्या, शेजारी फवारणीचा पंप होता. आणि सगळ्यांच्या मधोमध, एका हाताचा, पांढराशुभ्र रोबोट उभा होता.

 शुभांगी उंबरा ओलांडून पाटाशी गेली.

"बरं झालं आलीस," गोजराबाई म्हणाल्या. त्यांचे हात मनगटापर्यंत डिझेलनं माखले होते. "साईचं मशीन हाय, म्हणलं पूजेत त्याचंबी पाहिजे. पण लय गंज चढला होता गं त्याला. पाण्यानं निघंना. मग विळ्याला लावते तसं डिझेल लावलं, दाताच्या ब्रशनं घासलं. पोराच्या हातची वस्तू, म्हणून जपून घासली. बघ, कुठं ओरखडा नाय."

शुभांगीनं रोबोट उचलला, उलटा केला. गुडघ्यामागे लख्ख होतं. तिनं तो उजेडाकडे धरला, नखानं सांधे चाचपले. कुठे म्हणून काही उरलं नव्हतं.

आई, तो गंज नव्हता. त्यानं रंगवला होता तो. त्यालाच पुसून टाकलंत तुम्ही. सगळं तिच्या जिभेच्या टोकावर आलं. ओरडावं, ती पूजा उधळून द्यावी, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग तिनं सासूकडे पाहिलं. शेवटच्या दिवसांत गोजराबाईंना दवाखान्यात काचेबाहेर बसवून ठेवलं होतं. पोराच्या अंगावरून एकदा हात फिरवू द्या, म्हणून त्या येणाऱ्याजाणाऱ्याच्या पाया पडल्या होत्या. कुणी फिरवू दिला नव्हता. आज सकाळपासून त्या या प्लास्टिकच्या अंगावरून हात फिरवत बसल्या होत्या, आणि श्रावणापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा निवला होता.

शुभांगीनं रोबोट पाटावर सरळ उभा केला. 

तिनं डावा हात खांद्याला लावून दाबला. बसला. या हाताला रंग द्यावा की नाही, यावर तिचं घोडं किती दिवस अडलं होतं. रंगवला तर साईनाथचं काम कुठे संपलं आणि आपलं कुठे सुरू झालं ते कळायचं नाही, याची तिला धास्ती होती. आता सगळा रोबोटच त्या हातासारखा कोरा झाला होता.

"झाला पुरा?" गोजराबाईंनी विचारलं.

"झाला."

गोजराबाईंनी रोबोटच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, पायाशी झेंडूचं फूल ठेवलं. हात जोडता जोडता थांबल्या.

"त्यानं केला असता तर असाच दिसला असता ना गं?"



"हो आई. असाच."

गोजराबाईंनी पदरानं डोळे पुसले. मग पाटाभोवतीचा पसारा आवरायला घेतला, ब्रश उचलला, डिझेलची वाटी बाजूला केली. रोबोट पुसलेलं फडकं शुभांगीच्या मुठीत होतं. ते तिनं केव्हा उचललं, तिचं तिलाच कळलं नव्हतं. तपकिरी, काळा, मातकट, सगळा रंग त्याच्यावर उतरला होता.

"ते आण इकडं," गोजराबाई म्हणाल्या. "साबणात टाकते."

शुभांगीनं मूठ सोडली नाही.