सुंदरबाईचा नवस

सुंदरबाईनं औषधाची बाटली डॉक्टरांच्या टेबलावर आदळलीच.

"हाई दवाई बंद करा, साहेब! फेफरं गयं, पन मानूस भी गया. तेस्ले मन्हं नाव सुद्धा याद नही!"

तिचा नवरा, सत्तरी ओलांडलेला हिलाल, बाकावर पेंगत होता. उन्हाळ्यात प्रकाशा गावच्या घाटावर त्याला फेफरं आलं. तापीत जायचा तो थोडक्यात वाचला. शहाद्याच्या या डॉक्टरांनी ब्रोमाइड दिलं आणि फेफरं थांबलं. पण हल्ली त्याचा झोक जायचा, जीभ जड झाली, बायकोला तो आत्या म्हणू लागला. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय!

"एकदम तोडलं तर फेफरं उसळून येईल. या वयात ते झेपायचं नाही," डॉक्टर म्हणाले. औषध किती, केव्हा देते, सगळं त्यांनी तिला विचारलं. त्यात खोट नव्हती. "मग जेवणात काही बदल?"

"मी मीठ सोडेल शे. तेस्नी नही."

नवरा बरा होईपर्यंत मिठाला शिवणार नाही, असं ती गडावरच्या देवीला बोलली होती. घरात भाजी अळणीच शिजे, पण त्याच्या ताटात ती चिमूटभर मीठ न चुकता वाढी.

हिलालनं डोळे किलकिले केले. "तू अळणी खास, मी खारं कसं खाऊ? ते मीठ मी बैलसले दी टाकस."

अगं बाई! म्हणजे इतके दिवस त्याच्याही पोटात मीठ नव्हतं!

"मीठ तुटलं की हे औषध अंगातून निघत नाही, साठत जातं," डॉक्टर म्हणाले. "त्यात शरीर म्हातारं. औषध कमी करून देतो, पण मीठ पोटात गेलंच पाहिजे. आठवड्यानं परत आणा."

परतताना गाडीत तिच्या मनात एकच घोळत होतं. नवस मोडला तर देवी कोपेल, फेफरं परत आणेल. पाळला, तर हा हट्टी म्हातारा मिठाला हात लावायचा नाही. जीव नुसता टांगणीला लागला होता.

संध्याकाळी तिनं डाळीच्या अख्ख्या पातेल्यात मीठ घातलं आणि दोन ताटं वाढली. हिलालचा हात अडला. "तुन्हं अळणी शे ना?"

"माय, कोप करशी ते मन्हावर कर," ती देवीला पुटपुटली.

लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याआधी ती कधी जेवली नव्हती. आज त्याच्या डोळ्यांत बघत पहिला घास तिनं घेतला.