बंद दारामागची टकटक

उत्कर्षा सरदेशमुखच्या कादंबऱ्या घरोघरी वाचल्या जायच्या. पण गेलं वर्षभर तिनं एक ओळही लिहिली नव्हती. शेवटच्या कादंबरीतली माणसं तिला घरात बोलताना ऐकू यायला लागली, तेव्हा नवरा हृषीकेश तिला डॉक्टरांकडे घेऊन गेला. गोळ्यांनी आवाज थांबले आणि लिहिणंही.

त्या दुपारी आजारपणानंतर पहिल्यांदाच ती एकटी नवी पेठेत जाऊन आली. गर्दीत कसलाही भास झाला नाही. रिक्षातून घराशी उतरताना तिला कितीतरी दिवसांनी हलकं वाटत होतं.

दार उघडंच होतं. आतून कीबोर्डची टकटक येत होती.

तिच्या लिहिण्याच्या खोलीचं दार बंद होतं आणि बाहेर हृषीकेश चहाचा कप घेऊन उभा होता. त्याचे डोळे भरून आले होते. म्हणजे ही टकटक त्यालाही ऐकू येत होती.

"हृषी," तिनं विचारलं. "आत कोण आहे?"

त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला. वर्षानं लिहायला बसलीय ती," तो अदबीनं कुजबुजला. "तुम्हाला सही हवी असेल, तर संध्याकाळी या की."