पट्टीखालचा ठिपका

त्याने बायकोच्या पोटावरच्या पट्टीचा कोपरा उचलला, आतल्या बाजूला पेनाने बारीक ठिपका दिला आणि चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवली. ती डोळे मिटून पडली होती.

ऑपरेशननंतर रोजच्या बिलात दोनदा ड्रेसिंग, हातमोज्यांच्या दोन जोड्या. खाली ‘जंतुसंसर्ग प्रतिबंध’ अशी वेगळी रक्कम. ती ओळ त्याला खुपत होती. न झालेल्या आजाराचे पैसे कसले? तीस वर्षं त्याने गोदामात माल तपासला होता. आतला माल कुणी बदलला, तर अशाच लपवलेल्या ठिपक्यांवरून तो चोरी पकडायचा. ठिपका गायब झाला, तरच ड्रेसिंग खरं.

“काका, माझ्या हातांवर पाळत ठेवायचा पगार मिळतो का तुम्हाला?” हातमोजे चढवताना सिस्टर विचारायची.

तो वहीत एक रेघ ओढायचा.

“अहो, इथे तरी गोदाम उघडू नका,” बायको म्हणायची.

सिस्टर गेली की तो कोपरा उचलून बघायचा. दर वेळी पट्टी नवी, कोरी. मग तो नवा ठिपका द्यायचा. चार दिवस, आठ रेघा. बिलातही आठच. त्यामुळे त्याचा संशय आणखी वाढला. वरवर इतका चोख कारभार असला, की आत हमखास पाणी मुरत असतं.

पाचव्या सकाळी बायकोला ताप भरला. सिस्टरने पट्टी काढली. टाके लाल होऊन सुजले होते.

“बघा!” तो उसळला. आवाजात जवळजवळ आनंद होता. “एवढे पैसे घेऊन शेवटी जंतू गेलेच ना आत? बोलवा मोठ्या डॉक्टरांना!”

सिस्टरने पट्टी उजेडात धरली. पुवात भिजून एक निळा डाग पसरला होता.

“हातमोज्यांशिवाय कुणी हात लावला होता का हिला?”

“नाही हो, कुणीच नाही,” बायको घाईने म्हणाली. चादरीखाली तिने त्याचं शाईचं बोट मुठीत घट्ट धरलं. मूठ तापाने भाजत होती.

त्याने बोट सोडवून घेतलं. वही उघडली. आठ रेघांखाली लिहिलं, ‘हातमोज्यांशिवाय, रोज दोनदा – मी.’ आणि वही सिस्टरच्या हातात दिली.