डुकराची जीभ

“जीभ कुठाय?” आकड्याला लटकलेल्या डुकराचं रिकामं तोंड पाहून मांस तपासायला आलेल्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“कुत्र्यानं पळवली असेल,” खाटीक पास्कू नजर चुकवत म्हणाला.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. जंताच्या गाठी आधी जिभेतच दिसतात, आणि त्या असल्या की अख्खं डुक्कर बाद. यानं ती मुद्दाम लपवली असणार. त्यांनी हृदय चिरलं, खांदा चिरला. सगळं स्वच्छ निघालं, तरी शिक्का मारायला त्यांचा हात धजेना. “आधी जीभ दाखव, मगच मांस वीक.”

पास्कू तणतणला, मग ओशाळला. “खरं सांगतो, बाई. लेक पोटुशी आहे. तिला जिभेचे डोहाळे लागलेत, म्हणून घरी धाडली.”

“चल, बघू दे.”

मागच्याच घरात लेक खरोखर जीभ उकडत होती. बाईंनी ती बाहेर काढून उभी चिरली. आत भिजल्या साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गाठी होत्या.

“खाल्लीस का यातली?”

“नाही अजून,” लेक घाबरून म्हणाली.

पास्कू म्हणाला, “मी नीट बघितलंसुद्धा नाही, बाई.” मग त्यानं कुदळ घेतली आणि कुणी सांगायच्या आत तो अख्खं डुक्कर पुरायला निघाला.