कोटाचा ठावठिकाणा

कोट कपाटात नव्हता. दारामागच्या खुंटीवर नव्हता, इस्त्रीवाल्याकडेही नव्हता. कारकुनाने सगळं घर डोक्यावर घेतलं. येत्या सोमवारी हेडक्लार्कच्या जागेसाठी मुलाखत होती, आणि मोठे साहेब माणसाच्या आधी त्याचे कपडे बघतात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"अहो, नीट बघा," बायको म्हणाली. "तुमच्याकडून कधी सुतळीचा तोडा तरी हरवलाय का?"

हे मात्र खरं होतं. कारकुनाच्या घरातून काही बाहेर जात नसे. दांडा तुटलेली छत्री, झाकण नसलेला थर्मास, कॉलेजातला स्वेटर, सगळं "असू दे, लागेल कधीतरी" या एका वाक्यावर वर्षानुवर्षं सुखाने नांदत होतं.

"कोट ना?" दुसरीतली लेक चित्र रंगवता रंगवता म्हणाली. "तो मी शाळेत दिला."

"शाळेत? कशाला?"

"बाई म्हणाल्या, आपल्याला सगळ्यांकडून किती मिळतं, मग आपणही द्यायला शिकायचं. माझे फ्रॉक तर मला लागतात. तुझं कपाट गच्च होतं, बाबा."

"आणखी काय दिलंस?" कारकुनाने खुर्चीचा आधार घेतला.

"शर्ट, पँट आणि नवे बूट. निळा शर्ट ठेवलाय, तुला लागेल म्हणून. आजोबांनी गाठोडं पोचवलं."

आजोबांनी वर्तमानपत्र डोळ्यांच्या आणखी जवळ धरलं.

कारकून पायात चपला सरकवून तडक निघाला. शाळेत जायचं, चूक झाली म्हणायचं, कोट घेऊन यायचं. त्यात लाजायचं काय? पण जिन्यातच शेजारच्या काकूंनी वाट अडवली.

"मानलं बाई तुम्हाला! आज प्रार्थनेनंतर मुख्याध्यापिकेनं तुमच्या लेकीला सगळ्यांपुढे उभं केलं म्हणे. असा बाप हवा म्हणाल्या, अंगावरचा कोट काढून देणारा!"

खाली शिंप्याने मशीन थांबवून नमस्कार केला. वाण्याने तर आपल्या मुलाला दुकानातून बाहेर बोलावलं आणि बोट दाखवून म्हणाला, "बघ, हे ते!" कारकुनाची छाती फुगली, पण पावलं मंदावली. शाळेच्या फाटकाशी पोचेपर्यंत कोट परत मागायची सगळी हिंमत गळून गेली होती.

त्याने शिपायाला सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "ते जमलेले कपडे कुठं जातात हो?"

"जमवायचं काम दुसरीचं, द्यायचं काम चौथीचं," शिपाई म्हणाला. "गरजू माणूस पोरंच शोधतात. येता-जाता नजर ठेवतात. शनिवारी शाळा सुटली की बाई त्यांना घेऊन जातात."

कारकुनाच्या जिवात जीव आला. शनिवारी चौथीच्या मागे मागे जायचं, माणूस बघून ठेवायचा आणि पोरं परतली की त्याला बाजूला घेऊन कोट सोडवायचा. बदल्यात छत्री द्यायचीही त्याची तयारी होती.

पण गाठोडं आधीच हललं तर? या धास्तीने तो रोज ऑफिसच्या आधी आणि नंतर फाटकाशी उभा राहू लागला. बायको म्हणाली, "निदान एक शर्ट तरी नवा घ्या." तो म्हणाला, "आहेत तेच परत येणार आहेत. उगीच खर्च कशाला?" निळ्या शर्टाची कॉलर विरली. चपलेचा अंगठा निघाला, त्याला त्याने टाचणी टोचली. काळजीने झोप उडाली, दाढी करायचं सुचेना. एकदा डबा घेऊन चाललेल्या मुलीने त्याच्यापुढे बिस्किट धरलं, तर विचारांच्या नादात त्याने ते खाऊनही टाकलं.

शनिवारी चौथीची वरात निघाली. पुढे बाई, मध्ये गाठोडं, मागे पोरांची चिवचिव. कारकून या खांबामागून त्या खांबामागे लपत निघाला.

पोरं चांभारापाशी थांबली. कारकुनाने खांबाआडून मान पुढे काढली. पण त्यांनी चांभाराला काहीतरी विचारलं आणि त्याने नुसती मान हलवली. पुढे हमालापाशी तेच, भाजीवाल्या मावशींपाशी तेच. रस्ता संपत आला तशी पोरं रडकुंडीला आली. आणि गाठोडं पुन्हा शाळेत कुलूपबंद झालं तर सोमवारी साहेबांपुढे टाचणीच्या चपलेने जावं लागणार, या विचाराने कारकूनही रडकुंडीला आला.

"बाई, आज नाही आले वाटतं."

"असतील गं इथंच. नीट बघा."

वरात अचानक मागे फिरली. कारकुनाने दुधाच्या केंद्राआड दडायला उडी मारली, तेवढ्यात टाचणी निसटली आणि चपलेविना तो भर रस्त्यात उभा राहिला.

"बाई, सापडले!" बिस्किटवाली मुलगी किंचाळली. "हेच ते! रोज फाटकाशी उभे असतात. रोज हाच शर्ट!"

पोरांनी त्याला गराडा घातला. "अहो, हा माझाच..." कारकुनाने तोंड उघडलं आणि त्याला प्रार्थनेनंतर सगळ्यांपुढे उभी राहिलेली लेक आठवली. त्याने तोंड मिटलं.

"लाजू नका हो," बाई हळुवारपणे म्हणाल्या आणि त्यांनी स्वतः त्याच्या अंगावर कोट चढवला. पोरांनी टाळ्या पिटल्या. कारकुनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, ते बघून बाईंनाही राहवेना.

"मुलांनो," त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "सोमवारी दुसरीतल्या त्या मुलीला आठवणीनं सांगायचं हं, बाबांना म्हणावं, तुमचा कोट अगदी योग्य माणसाला मिळाला."